मॉड केलेल्या जुन्या ट्यूब ॲम्पचा आवाज बिघडलाय, तर शोधायचं कुठून?

एका मित्राकडे १९७० च्या दशकातला फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा ॲम्प आहे, सिल्व्हरफेस, म्हणजे पुढची पट्टी चंदेरी असलेला. त्याचे काका न्यू जर्सीतून कायमचे पुण्याला परत आले तेव्हा घरच्या सामानाबरोबर कंटेनरमधून आला. गिटार वाजवणाऱ्यांना सांगायला नको, हा ॲम्प म्हणजे सोनं, २२ वॅट, एकच १२ इंची स्पीकर, आणि स्वच्छ आवाजात अशी काही गोडी की बोट तारेवर कसं पडलं तेसुद्धा ऐकू येतं. पण हा वाजवला की घोर निराशा. आवाज पातळ, वरच्या तारा कानात टोचणाऱ्या, खालच्या तारांना दमच नाही, आणि व्हॉल्यूम पाचच्या पुढे नेला की गोड फाटण्याऐवजी नुसता खरखरीत. मित्राचं ठरलेलं होतं, ट्यूब जुन्या झाल्यात, नवा सेट मागवू. मी म्हटलं थांब, आधी उघडून बघू, कारण जुन्या ॲम्पचा आवाज वाईट येतो तेव्हा पहिला संशय ट्यूबवर जातो आणि सगळ्यात जास्त पैसेही तिथेच वाया जातात.

आधी ट्यूब म्हणजे काय ते पटकन सांगतो. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणायचे ना, तीच ही वस्तू, आणि व्हॉल्व्ह हे नाव जास्त चांगलं आहे कारण काम पाण्याच्या व्हॉल्व्हसारखंच. काचेच्या आत एक तापलेला भाग असतो, कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर शेकडो व्होल्ट, ती त्यांना ओढून घेते. मध्ये बारीक तारेची जाळी, ग्रिड, ही म्हणजे नळाची तोटी. ग्रिडवर थोडं जास्त निगेटिव्ह व्होल्टेज दिलं की प्रवाह कमी, कमी निगेटिव्ह केलं की प्रवाह जास्त. गिटारचा चिमूटभर सिग्नल ती तोटी हलवतो आणि तिकडे मोठा प्रवाह त्याच तालात हलतो, झालं ॲम्प्लिफिकेशन. तोटी मुळात किती उघडी ठेवायची हे ज्याने ठरतं त्याला बायस म्हणतात, तो शब्द पुढे लागणार आहे.

डिलक्स रिव्हर्बमध्ये अशा नऊ ट्यूब. छोट्या सहा, त्यात चार १२एएक्स७ आणि दोन १२एटी७, मग पॉवरच्या दोन ६व्ही६ आणि एसीचं डीसी करणारी जीझेड३४. सिग्नल छोट्या ट्यूबमधून टोन कंट्रोलपाशी जातो, तिथून पुढे दोन्ही चॅनल एकत्र येतात आणि फेज इन्व्हर्टर नावाच्या १२एटी७ मध्ये शिरतात. ती एका सिग्नलचे दोन करते, एक सरळ आणि एक उलटा. ते दोन ६व्ही६ कडे जातात, दोघी आळीपाळीने ओढतात ढकलतात, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर तो उच्च व्होल्टेजचा खेळ स्पीकरला झेपेल असा करून देतो.

आता हा नकाशा डोक्यात असला की पहिली तपासणी ॲम्प न उघडताच होते. आमच्या ॲम्पला नॉर्मल आणि व्हायब्रॅटो असे दोन चॅनल आहेत. गिटार एकात लावली, मग दुसऱ्यात, दोन्हीकडे तोच पातळ टोचरा आवाज. म्हणजे दोष दोन्ही वाटा मिळतात त्याच्या पुढे, नाहीतर दोघांना सामायिक असलेल्या पॉवर सप्लायमध्ये. एकाच चॅनलवर वाईट असता तर शोध त्या चॅनलच्या एकदोन ट्यूब आणि तिथल्या भागांपुरता उरला असता. दोन मिनिटांचं काम आहे, पण अर्धा ॲम्प बाजूला निघतो. मग स्पीकर. दुसऱ्या चांगल्या ॲम्पचा ८ ओमचा कॅबिनेट लावून पाहिला, टोचणं थोडं कमी झालं पण पातळपणा तसाच. स्पीकर मूळचा नव्हताच, पण मुख्य गुन्हेगारही नव्हता. केबल आणि गिटारही बदलून बघावीच, मी आठवडाभर ॲम्पच्या मागे लागलेले आणि शेवटी केबल खराब निघालेले लोक पाहिलेत.

उघडायच्या आधी एक गोष्ट, आणि ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. या ॲम्पच्या आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरसुद्धा ते फिल्टर कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे डीसी सपाट करायला वीज साठवणाऱ्या भागांमध्ये, साठून राहू शकतं. मी १० के (के म्हणजे हजार ओम), १० वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड वायरला लावून ठेवलाय, त्याचं एक टोक चासीला आणि दुसरं कॅपॅसिटरला, काही सेकंद धरायचं, मग मीटर लावून शून्य आलंय ते डोळ्यांनी बघायचं, मगच बोट घालायचं. चालू ॲम्पवर मोजताना एक हात खिशात. हे जमणार नसेल तर उघडू नका, व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या माणसाकडे न्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि भारतात एक जास्तीचा धोका आहे. हा ॲम्प ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलाय, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लागतो. बाजारात मिळणारे बरेच स्टेप-डाउन ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे आतलं वाइंडिंग एकच, मेनपासून सुटका नाहीच, आणि कित्येकांच्या अमेरिकन सॉकेटला अर्थिंगची पिनच जोडलेली नसते. ॲम्पच्या मागे ग्राउंडचा स्विच आहे, त्याला मेनपासून चासीकडे जाणारा एक छोटा कॅपॅसिटर आहे, तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग नसलं तर गिटारच्या तारांपर्यंत करंट येऊ शकतो. तो कॅपॅसिटर काढून टाकला आणि तीन पिनांचं अर्थिंग भिंतीपासून चासीपर्यंत मीटरने तपासलं, टोनचा विचार त्यानंतर. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून चालू केला, आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ॲम्प वाचतो. आपले इलेक्ट्रिशियन मोटरसाठी करतात तेच.

आता आत काय दिसलं. मॉड म्हणजे मूळ सर्किटमध्ये केलेले बदल, आणि इथे बदल एकदोन नव्हते. पॉवर ट्यूब ६व्ही६ च्या जागी मोठ्या ६एल६. पहिला फिल्टर कॅपॅसिटर जिथे मुळात १६ मायक्रोफॅरडचे दोन असतात तिथे चक्क १०० चा एक. फेज इन्व्हर्टरमधून ६व्ही६ कडे जाणारे दोन कपलिंग कॅपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे हवेत, ते ०.००२२ चे. स्पीकर जॅककडून परत येणारी एक वायर कापून टेप लावून सोडलेली. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर नवा. हे कसं कळलं, तर त्या काळातल्या फेंडरच्या ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा छापलेला असतो, तो शुमाकर कंपनीचा कोड, पॉवर ट्रान्सफॉर्मरवर तो होता आणि आउटपुटवर नव्हता.

सोल्डरगन हातात घ्यायचा मोह इथे फार होतो. पण आधी मीटर. कागद पेन घेऊन प्रत्येक ट्यूबच्या प्रत्येक पिनचं व्होल्टेज लिहून काढलं, तासभर लागतो, पण त्या एका पानावर ॲम्पची सगळी तब्येत येते. फेंडरच्या एबी७६३ या सर्किटच्या नकाशावर ६व्ही६ च्या प्लेटला ४१५ व्होल्ट लिहिलंय आणि बायस उणे ३५. आमच्याकडे प्लेटला ३६५. हे कमी आहे हे खरं, पण किती कमी? नकाशातले आकडे ११७ व्होल्टचे, आमचा स्टेप-डाउन देत होता ११०, त्या हिशोबाने ४१५ चे ३९० व्हायला हवेत, आणि नकाशावरच वीस टक्के इकडेतिकडे चालेल असं छापलंय. म्हणजे ३९० असते तर मी काही बोललोच नसतो. उरलेले २५ व्होल्ट कुणीतरी खात होतं. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, तिथे ५.७ दिसले, चालवून घ्यायच्या अगदी खालच्या टोकाला. पॉवर ट्रान्सफॉर्मर अर्ध्या तासात एवढा तापला की हात ठेववेना.

खाणारं कोण ते उघड आहे. ६व्ही६ चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६ चा ०.९, म्हणजे दुप्पट, आणि त्याच उणे ३५ च्या बायसवर ६एल६ प्लेटमधूनही कितीतरी जास्त करंट ओढते. छोट्या ट्यूबसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आधीच ५० हर्ट्झवर चाललाय, त्याच व्होल्टेजला ६० ऐवजी ५० हर्ट्झ दिलं की गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र वीस टक्क्यांनी वाढतं आणि तो जास्त तापतो, वर हा जादा भार. (स्टेप-डाउनबद्दल उलटी काळजीपण घ्या. २३० चे १२० करणारा आणला आणि रात्री तुमच्या भागात लाइन २५० ला गेली की ॲम्पला १३० मिळतात आणि हीटर ७ व्होल्टवर जातो, ट्यूबचं आयुष्य भराभर संपतं. ११० वाला जास्त सुरक्षित, थोडा दम गेला तरी चालेल.)

पण मला सतावत होतं ते वेगळंच. एवढे बदल कुणी उगाच करत नाही, प्रत्येकामागे काहीतरी कारण असणार. आणि मग त्या कापलेल्या वायरकडे नीट बघितल्यावर सगळं उलट्या क्रमाने उलगडत गेलं.

ती वायर निगेटिव्ह फीडबॅकची. स्पीकरला जाणाऱ्या सिग्नलचा अगदी छोटा हिस्सा, ८२० ओम आणि ४७ ओमच्या दोन रेझिस्टरने ठरवलेला, साधारण पाच टक्के, परत फेज इन्व्हर्टरकडे आणून मूळ सिग्नलमधून वजा करतात. घोड्याला लगाम असतो तसा हा लगाम आहे. थोडा जोर कमी होतो पण आवाज आवरलेला राहतो, बेस घट्ट येतो, वरचा भाग टोचत नाही. आता हाच हिस्सा चुकून वजा होण्याऐवजी मिळवला गेला तर? गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर नेला की कुईंऽऽ करून सगळे कान दाबतात ना, तेच ॲम्पच्या पोटात होतं. आणि मिळवायचं की वजा करायचं हे ठरतं आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरींवर, एक निळी आणि एक तपकिरी, एक या पॉवर ट्यूबच्या प्लेटला आणि दुसरी त्या. अदलाबदल झाली की सिग्नल उलटा आणि वजाचं अधिक.

म्हणजे घडलं असं असणार. कधीतरी आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, नवा टाकताना निळी तपकिरी उलटी लागली. ॲम्प चालू केल्या केल्या किंचाळला. ज्याने काम केलं त्याने दोन वायरी पालटण्याऐवजी फीडबॅकची वायरच कापली, किंचाळणं थांबलं, काम झालं असं वाटलं. पण लगाम गेला, बेस ढिला पडून भरभर करायला लागला आणि वरचा भाग कर्कश झाला. मग ढिला बेस आवरायला पहिला फिल्टर १०० चा केला, तरी पुरेना म्हणून कपलिंग कॅपॅसिटर छोटे केले. बेस आवरला तो इतका की उरलाच नाही. आवाज पातळ झाला, मग दम यावा म्हणून ६एल६. एका चुकीवर झाकण, त्या झाकणावर दुसरं झाकण, आणि शेवटी मूळ ॲम्प कुठे गेला तेच कळेना. हे सगळं एकाच माणसाने केलं की तिघाचौघांनी वेगवेगळ्या वर्षी, ते काही कळायला मार्ग नाही.

त्या छोट्या कॅपॅसिटरने काय केलं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण पातळपणाचं खरं उत्तर तिथेच होतं. कॅपॅसिटर डीसी अडवतो आणि एसी जाऊ देतो, पण किती खालचा सूर जाऊ द्यायचा हे त्याच्या आकारावर आणि त्याच्यापुढच्या रेझिस्टरवर अवलंबून. इथे पुढे २२० के. ०.१ असला की गळती सुरू होते ७ हर्ट्झच्या आसपास, गिटारला तिथे काही देणंघेणंच नाही. ०.००२२ केला की तीच रेघ येते ३२९ हर्ट्झवर. आता गिटार हातात घ्या आणि सगळ्यात बारीक पहिली तार मोकळी छेडा. तो सूर बरोबर ३३० हर्ट्झच्या जवळ आहे. म्हणजे त्या मोकळ्या तारेच्या खालचं सगळं, गिटारवरचा बहुतेक सगळा संसार, हळूहळू कापला जात होता, आणि सगळ्यात जाड सहाव्या तारेचा ८२ हर्ट्झचा सूर जेमतेम एक चतुर्थांश उरत होता. बेसचा नॉब दहावर नेऊन काय होणार, हे गाळप टोन कंट्रोलच्या कितीतरी पुढे चाललेलं. मित्र दोन वर्षं नॉब फिरवत बसला होता बिचारा.

दुरुस्ती करताना माझा नियम एकच, एक बदल करायचा, वाजवायचं, मोजायचं, लिहायचं, मग पुढचा. पहिल्यांदा ६एल६ काढल्या. रिकाम्या सॉकेटवर दोन्ही ग्रिडला बायस मोजला, दोन्हीकडे सारखाच आला पाहिजे. एका बाजूला उणे ३५ आणि दुसऱ्या बाजूला उणे २८ असं काही दिसलं तर कपलिंग कॅपॅसिटर गळतोय, मागचं पॉझिटिव्ह डीसी ग्रिडवर येतंय आणि ती ट्यूब लालभडक होऊन मरणार. ही तपासणी ट्यूब काढूनच करा. आमचे कॅपॅसिटर गळत नव्हते, पण बदलायचे होतेच, ०.१ चे ६०० व्होल्टचे लावले. फिल्टर सगळे नवे, पहिल्या जागी १६ चे दोन. जीझेड३४ ला पहिला कॅपॅसिटर जास्तीत जास्त ६० मायक्रोफॅरडचा चालतो असं तिच्या डेटाशीटमध्येच आहे, १०० वर ती चालू होताना प्रत्येक वेळी मार खाते.

मग ६व्ही६ ची जोडी. बायस बसवताना प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला १ ओमचा रेझिस्टर लावला, मग मीटरवर जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर, हिशोब सोपा. प्लेटला आता ३९५ व्होल्ट, २१ मिलिअँपिअरवर ठेवलं, गुणाकार ८.३ वॅट, ६व्ही६ ची मर्यादा १२ वॅट धरली तर साधारण सत्तर टक्के. यापेक्षा बराच कमी ठेवला तर आवाज थंड, कोरडा, हळू वाजवताना सूर मध्येच चिरल्यासारखा येतो. जास्त ठेवला तर कानाला छान लागतो पण ट्यूब लवकर जातात. सत्तर टक्के म्हणजे काही वेदवाक्य नाही, साठ ते सत्तरमध्ये कानाने ठरवा.

एवढ्यावर बेस परत आला, पण वरचा टोच आणि ढिलेपणा होताच, ते अपेक्षितच होतं. आता निळी तपकिरी वायर पालटली आणि फीडबॅकची वायर परत जोडली. बरोबर जोडलंय हे ओळखायची खूण अशी, फीडबॅक जोडल्यावर आवाज थोडा कमी झाला पाहिजे. वाढला किंवा किंचाळला तर लगेच बंद करून वायरी परत पालटा. आमचा कमी झाला. मित्राने जी मेजर धरून हळूच एक स्ट्रोक मारला आणि पुढे दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. जाड तारा घंटेसारख्या, बारीक तारा चमकतात पण टोचत नाहीत, आणि व्हॉल्यूम सहावर नेल्यावर जे हवं होतं ते, कडेकडेने फाटणारा, बोटाच्या दाबाप्रमाणे कमीजास्त होणारा आवाज.

घूं असा आवाज येत असेल त्यांच्यासाठी एक युक्ती, मीटरही लागत नाही. आपल्याकडे ५० हर्ट्झ लाइन आहे, ती रेक्टिफायरमधून, म्हणजे त्या जीझेड३४ मधून, गेली की १०० हर्ट्झचा घूं होतो. सहाव्या तारेवर तिसरा पडदा दाबून वाजवा, तो जी सूर ९८ हर्ट्झ. ॲम्पची घूं त्याच्या जवळपास, किंचित चढी लागली तर फिल्टर कॅपॅसिटर संपलेत. त्याच्या बरोबर एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, मग हीटरची वायरिंग, ग्राउंडिंग किंवा बायसचा छोटा कॅपॅसिटर बघा, कारण बायसचा सप्लाय अर्ध्या लाटेवरच चालतो. फिल्टर फारच संपले असतील तर वरच्या पडद्यांवर एक सूर लावला की खालून दुसराच बेसूर भुतासारखा सूर येतो. ४४० चा सूर वाजवलात तर ३४० आणि ५४० पण हळूच मिसळतात, लोक गिटारचं इंटोनेशन, म्हणजे पडद्यांवरचे सूर, दुरुस्त करत बसतात आणि दोष असतो ॲम्पच्या सप्लायमध्ये.

खरखर आणि टकटक येत असेल तर सुकी बांबूची काडी घेऊन चालू ॲम्पच्या भागांवर हळूच टिचकी मारत जायचं, जिथे स्पीकरमधून आवाज येईल तिथे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड), सैल सॉकेट किंवा खराब ट्यूब. आमच्यात एक प्लेट रेझिस्टर सापडला, १०० के लिहिलेला, मोजला तर १३८ के. जुने कार्बनचे रेझिस्टर वर्षानुवर्षं तापून असे वाढतात आणि पावसाचं पाणी पत्र्यावर पडल्यासारखा आवाज करतात. तेवढाच बदलला. बाकीचे चांगले होते ते जुनेच ठेवले, सरसकट सगळं नवं करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, मग जुना ॲम्प घेतलाच कशाला.

ब्लॅकफेसिंगबद्दल, म्हणजे चंदेरी पट्टीचा ॲम्प आतून आधीच्या काळ्या पट्टीवाल्यासारखा करून घेण्याबद्दल, हमखास विचारतात. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, १९६८ च्या सुमाराला पट्टी चंदेरी झाली आणि ट्विनसारख्या मोठ्या ॲम्पमध्ये पॉवर सेक्शनमध्ये बदल केले गेले, त्यामुळे ते परत जुन्यासारखं करून घेण्याची पद्धत पडली. पण डिलक्स रिव्हर्बचं सर्किट सत्तरच्या दशकातही बऱ्यापैकी तेच राहिलं, तेव्हा या मॉडेलला ब्लॅकफेस करून देतो म्हणून कुणी मोठी रक्कम मागितली तर नेमकं काय बदलणार ते कागदावर लिहून मागा.

काढलेले सगळे भाग, ६एल६ ची जोडी, १०० चा कॅपॅसिटर, ते दोन छोटे ०.००२२, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत खाली ठेवलेत. आणि ट्यूब चार्टच्या, म्हणजे कुठली ट्यूब कुठे ते दाखवणाऱ्या कागदाच्या, शेजारी एक चिठ्ठी चिकटवली, काय काढलं, काय घातलं, आउटपुट ट्रान्सफॉर्मर मूळचा नाही, निळी वायर कुठल्या ट्यूबला, स्टेप-डाउन ११० चा, प्लेट ३९५, बायस २१, आणि तारीख. पुढच्या वेळी हा ॲम्प जो कुणी उघडेल त्याला आमच्यासारखं उलटं वाचत यावं लागणार नाही.